केच्केमेतहून आत्याला पत्र

तीर्थरूप आत्या, सा. न.

फोनवर अर्धा वेळ जेवलीस का आणि थंडी किती आहे यातच जातो, म्हणून इथल्या क्लासबद्दल नीट लिहूनच काढतेय. तुझ्या क्लाससाठी मला एक गोष्ट सुचवायचीय आणि ती फोनवर सांगितली तर तू "बघू गं" म्हणून सोडून देशील, म्हणून आधी इथं काय चालतं ते सांगते, मग मागणी.

केच्केमेत हे हंगेरीतलं, बुडापेस्टच्या दक्षिणेला, जर्दाळूसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. झोल्तान कोदाय इथलेच, 1882 चा जन्म, वडील रेल्वेत नोकरीला. मोठे संगीतकार, आणि 1905 पासून खेडोपाडी फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून लोकगीतं लिहून घेतली, पुढे बार्तोक हे दुसरे हंगेरियन संगीतकारही सोबत होते. त्यांच्या नावाची आमची इन्स्टिट्यूट 1975 पासून जुन्या फ्रान्सिस्कन मठात आहे, जाड भिंती, लांब व्हरांडे, कुठंही सा लावला तरी घुमतो. याच गावात 1950 साली अशी प्राथमिक शाळा निघाली जिथं गाण्याचा तास रोज, म्हणजे गणितासारखाच. पाठांतर नव्हे हं, कागद बघून गाणं आणि ऐकलेलं कागदावर उतरवणं, दोन्ही.

आम्हाला एका शाळेत तास बघायला नेलं होतं, मुलं सात-आठ वर्षांची. बाईंनी ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, तो 440 कंपनांचा म्हणजे आपली पेटीवरची पांढरी सहा, त्यावरून मनातल्या मनात खाली उतरून हलकेच दो (आपले सारेगमपधनी म्हणजे इथले दो रे मी फा सो ला ती) गुणगुणला आणि बस्स, वर्गात पेटी नाही पियानो नाही. मग नुसते हात. दो म्हणजे कमरेपाशी मूठ, मी म्हणजे आडवा सपाट तळवा, सो म्हणजे तळवा आपल्याकडे वळवलेला, आणि फा साठी अंगठा खाली तर ती या स्वरासाठी तर्जनी वर. हे मला फारच आवडलं कारण फा म्हणजे आपला शुद्ध मध्यम, तो गंधाराला चिकटून असतो म्हणून बोट खाली गंधाराकडे, आणि ती म्हणजे शुद्ध निषाद, तो वरच्या सा कडे ओढ घेतो म्हणून बोट वर. स्वराचा स्वभाव हातात दिसतो गं. नंतर बाईंनी दोन्ही हातांनी वेगवेगळे स्वर दाखवले, अर्धा वर्ग डाव्या हाताबरोबर, अर्धा उजव्या, डावा सा वर थांबलेला आणि उजवा फिरतोय, आणि एवढाली पोरं एकमेकांचं ऐकून स्वर जुळवत होती, शेजारच्याच्या मागं वाहून जात नव्हती.

या हाताच्या खुणा मुळात इंग्लंडमधल्या जॉन करवेन यांच्या, एकोणिसाव्या शतकातल्या, कोदाय यांनी त्या इथं आणल्या. आणि इथला दो हलता आहे, फ्रान्समध्ये दो म्हणजे पियानोची ठराविक पट्टीच, इथं तसं नाही, कुठलाही स्वर दो. म्हणजे आपला षड्जच की! त्यामुळे मला इथं परकं काही वाटलंच नाही. डिक्टेशनच्या तासाला सर पियानोवर ओळ वाजवतात आणि आम्ही लिहायची, तर मी आधी वहीच्या कडेला भातखंडे पद्धतीनं झटझट सरगम लिहिते, कोमलाखाली आडवी रेघ, मंद्राला खाली टिंब, आणि मग ते पाश्चात्य नोटेशनच्या पाच रेघांवर चढवते. पट्टी बदलली की बाकीचे शार्प-फ्लॅट मोजत बसतात, माझा सा फक्त जागा बदलतो.

अजून एक गंमत ऐक. इथली जुनी लोकगीतं बरीचशी पाच स्वरांची, ला वर संपणारी, ला दो रे मी सो. आता यातल्या ला या स्वरालाच सा मान आणि गाऊन बघ, सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपला धानी राग! आणि तेच स्वर दो पासून धरले की सा रे ग प ध, भूप. तू मला भूपाच्या मूर्च्छना शिकवल्या होत्यास ना, म्हणजे त्याच पाच स्वरांतला दुसरा एखादा स्वर सा धरायचा, रे वरून मधमाद सारंगाचे स्वर, ग वरून मालकंसाचे, प वरून दुर्गेचे, ध वरून धानीचे, ते इथं वर्गात सांगितलं तर सगळे वह्या काढून बसले. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत हेही सांगितलं, रागाचं चलन, म्हणजे स्वर कसे चालतात ते, गाऊन दाखवलं तेव्हा पटलं त्यांना.

यांच्याकडे लहान मुलांना सुरुवात सो-मी नं होते, म्हणजे प-ग. मग ला, मग दो आणि रे. फा आणि ती बऱ्याच नंतर, कारण अर्धस्वराचं अंतर छोट्या गळ्याला नेमकं पकडता येत नाही, तो चढतो नाहीतर उतरतो. आपण पहिल्याच दिवशी सारेगमपधनीसा सरळ घेतो, आणि म वर पोरांचा सूर हलतो तेव्हा आपण म्हणतो लक्ष नाही. मला वाटतं लक्षाचा प्रश्न नसतोच. भूप आपण लवकर शिकवतो ते किती बरोबर आहे बघ, तर अलंकारही, म्हणजे स्वरांचे पलटेही, आधी भूपाच्याच स्वरांत का घेऊ नयेत?

आता मागणी. आत्या, नव्या मुलींच्या तासाला पेटी बाजूला ठेव. नुसता तंबोरा, नाहीतर फोनवरचा तानपुरा. पेटी वाजत असते तोवर मुलगी पेटीच्या मागोमाग गाते, स्वर ती शोधत नाही, तिला आयता मिळतो, पेटी थांबली की गळाही थांबतो. आणि पेटीचा गंधार चढा असतो हे तूच सांगतेस, तंबोरा चांगला लागला की त्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो खरा. आकाशवाणीनं 1940 साली पेटी बंद केली ती 1971 पर्यंत, तेवढं टोक मी म्हणत नाही, मोठ्या मुलींना साथीला राहू दे. इथंही हेच सांगतात, पियानोच्या आधारानं कान तयार होत नाही, दोन आवाज एकमेकांना ऐकून लागतात तेव्हा होतो.

फळ्यावर स्वर लिही, प ग ध प ग रे सा असे, ओळखीच्या अलंकारात नसलेले, आणि पट्टीनं एकेक दाखव, न ऐकलेलं त्यांनी गायचं. मध्येच चुटकी वाजवली की आवाज बंद, पट्टी चालूच, मनात गात राहायचं, पुन्हा चुटकी वाजली की जिथं पट्टी असेल तिथून एकदम आवाजात. हा खेळ आम्ही रोज खेळतो आणि यातच कळतं कुणाच्या डोक्यात स्वर खरंच वाजतोय. नंतर उलट, तू आकारात चार स्वर म्हण, त्यांनी सरगम ओळखून वहीत लिहायची. भोंडल्याची गाणी घे, थोड्याच स्वरांत फिरतात, पोरींना तोंडपाठ असतात, त्यांची सरगम त्यांनाच काढू दे, तयार देऊ नकोस.

तू म्हणशील की गाणं कागदावर शिकतात का. ख्याल नाही शिकत, मान्य, मींड म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं आणि आंदोलन म्हणजे स्वर हलकेच झुलवणं, ही कुठल्याच कागदात मावत नाहीत, दरबारीचा गंधार इथल्या पाच रेघांवर लिहायला बसलं तर नुसता एक टिपका उरतो. तिथं समोर गुरूच पाहिजे. पण त्याच्या आधी ग कुठला आणि म कुठला हे कुणी न सांगता कळणं, एवढं तरी पोरींच्या हातात असावं की नाही? आपल्याकडे परीक्षेला बंदिशीचं नोटेशन सुंदर लिहिणाऱ्या मुलींना अनोळखी नोटेशन समोर ठेवलं तर गाता येत नाही, कारण लिहिणंही पाठच केलेलं असतं. हुशार मुली आहेत गं त्या, जरा सवय लावली तर पटकन येईल.

रविवारच्या बॅचपासून सुरू कर, त्या छोट्या दोघी बहिणी आहेत ना, त्यांच्यापासून, आणि रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठव, बेसूर असलं तरी पाठव, कुठल्या स्वराला अडतात ते ऐकून मी पुढचे फळ्यावरचे स्वर लिहून पाठवीन. आजीला नमस्कार, तिला सांग जर्दाळूचा जॅम आणतेय. काकांना माझ्या तंबोऱ्याची जवारी बघून ठेवायला सांग, सुट्टीत आले की लागेल.

तुझी लाडकी,
सोनू