नव्या रंगातल्या जेट रोबोची काच तिसऱ्यांदा रूप बदलतानाच तडकली, आणि तुम्ही तक्रार बंद केलीत

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा आणि उत्पादन विभाग

विषय: विमानाचा रोबो होणारं निळं-पिवळं जेट. कॉकपिटची काच तडकणे, जोडावरचा रंग निघणे आणि जुनंच माहितीपत्रक देणे याबाबत.

स.न.वि.वि.

या खेळण्याबद्दल मी तुमच्या ग्राहक सेवेला १४ जुलैला पहिला मेल केला, सोबत सहा फोटो जोडले. अकरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. रंग जाणं ही वापरातली नेहमीची झीज आहे, काच चुकीच्या हाताळणीमुळे तडकली असावी, आणि सात दिवसांची परतीची मुदत संपल्यामुळे तक्रार बंद करत आहोत, असं त्यात म्हटलं होतं. फोटो उघडून पाहिले असते तर हे उत्तर आलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितो. कृपया हे पत्र साच्याचं काम पाहणाऱ्या माणसापर्यंत पोचवा. त्याला दोन मिनिटांत समजेल.

मी स्वतः प्लास्टिक मोल्डिंगमधला माणूस आहे. भांडुपच्या एका गाळ्यात हेल्पर म्हणून लागलो, आज वसईला डाय फिटर आहे, म्हणजे साचे जुळवतो. मध्ये सव्वीस वर्षं गेली. बादल्यांची झाकणं, स्विचचे बॉक्स, डब्यांच्या क्लिपा, असलीच कामं केली. खेळणी कधी केली नाहीत. पण दोन प्लास्टिकचे भाग एकमेकांत कसे बसायला हवेत, हे मला हाताला कळतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून तुमचं जुनं करडं जेट आणलं होतं. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. आठवडाभरात ती ते न बघता बदलायला शिकली. बोटांनी खाच चाचपायची, टक् असा आवाज आला की पुढचा भाग. पाय इंजिनांतून बाहेर, नाक खाली छातीवर, काच वर, डोकं उलटून बाहेर, काच परत खाली. मीही कामावरून आलो की हातात घेऊन बसायचो. कुठे फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून आलेली जास्तीची कड नाही, कुठे जास्तीचा ढिलेपणा नाही, दोन वर्षांत एकही सांधा ढिला पडला नाही. ज्याने तो साचा केला त्याला माझा नमस्कार सांगा. चांगलं काम ओळखता येतं म्हणूनच पुढचं लिहितो आहे.

यंदा तुम्ही तेच जेट निळ्या-पिवळ्या रंगात, नवं डोकं आणि मोठे पंख लावून आणलंत. जुना साचा परत वापरला म्हणून माझी बिलकूल तक्रार नाही, हे आधी स्पष्ट करतो. साचा तयार करायला जो खर्च येतो तो या धंद्यातल्या माणसाला माहीत असतो. आणि जेट रोबोंच्या दुनियेत ही पद्धत सुरुवातीपासूनची आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत हॅस्ब्रोने ट्रान्सफॉर्मर्स आणले, तेव्हा त्यातली बरीच खेळणी जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन मालिकेच्या साच्यांतून आली होती. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प हे तिघेही एकाच एफ-१५ विमानाच्या साच्यातले, फक्त रंग वेगळे. पुढच्याच वर्षी रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्ज आले. अंग तेच, पंख निराळे. पोरांनी ते सहाही वेगवेगळे म्हणूनच जवळ केले. रंग बदलला, पंख बदलले, की मुलाच्या मनात नवा गडी उभा राहतो. तुमचं जेट त्या मालिकेतलं नाही, तुमचं स्वतःचं आहे, पण वाट तीच आहे आणि ती चांगली वाट आहे. लेकीनेही करड्याला मोठा भाऊ ठरवून निळ्याची जागा आधीच कपाटावर करून ठेवली होती.

खोट आहे ती नवा भाग जुन्या अंगात बसवून न पाहण्यात.

आधी काचेचं. हे जेट विमान असताना रोबोचं डोकं कॉकपिटखालच्या पोकळीत झोपलेलं असतं आणि वर पारदर्शक काच बंद होते. जुन्या डोक्याची उंची मी व्हर्नियरने मोजली: १३.८ मिलिमीटर. पोकळीची खोली १४.३. म्हणजे अर्धा मिलिमीटर मोकळा, हवा तेवढाच. नव्या डोक्यावर तुम्ही चंदेरी तुरा दिलात. दिसायला तो खरंच देखणा आहे. पण त्याने डोक्याची उंची १५.१ झाली, आणि पोकळी आहे तिथेच, १४.३. ०.८ मिलिमीटर डोकं वर राहतं. काच बंद केली की तुरा तिला खालून रेटत राहतो. आपण बोटाने दाबतो, टक् होतं, बंद झाल्यासारखं वाटतं, पण तो दाब जातो काचेच्या दोन बारीक कानांवर, ज्यांतून लोखंडी पिन आरपार गेली आहे. साध्या एबीएस प्लास्टिकचे कान असते तर थोडे वाकून सहन केलं असतं. असलं कडक पारदर्शक प्लास्टिक फारसं वाकत नाही, ते तडकतं, आणि तडकायला सुरुवात होते ती पिनच्या भोकापासूनच. फोटो क्रमांक ३ मोठा करून पाहा. भोकाच्या कडेपासून निघालेली केसाएवढी रेघ काचेच्या पुढच्या टोकाकडे सरळ गेली आहे. खेळणं पडून तडकलं असतं तर घाव बाहेरच्या बाजूला दिसला असता. बाहेरून काच स्वच्छ आहे, एक ओरखडाही नाही. आतल्या बाजूला मात्र तुऱ्याचा चंदेरी रंग अर्धचंद्रासारखा लागलेला आहे.

हे तिसऱ्या वेळी झालं. पहिल्या दोन वेळा मी स्वतः बदलून दाखवलं होतं, तिसऱ्या वेळी लेकीने हातात घेतलं. काच बंद करताना बारीक आवाज आला आणि डावा कान तुटून गादीवर पडला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘बाबा, मी जोरात नाही केलं.’ तिने जोर केला नव्हता. ती करडं जेट दोन वर्षं बदलते आहे. तुमच्या उत्तरातले ‘चुकीची हाताळणी’ हे शब्द मी तिला वाचून दाखवलेले नाहीत. ते तुम्ही मागे घ्यावेत अशी माझी विनंती आहे.

तुटलेल्या कानाची कड टोकदार आहे, माझ्या अंगठ्याला लागली. बॉक्सवर आठ वर्षांवरच्या मुलांसाठी असं छापलंय आणि आयएसआयचा शिक्काही आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो शिक्का सक्तीचा आहे आणि आयएस ९८७३ या मानकात धारदार कडा आणि टोकं तपासणं येतं. मला एवढंच विचारायचं आहे: चाचणीला गेलेला नमुना नव्या डोक्याचा होता की जुन्या करड्याचा?

आता रंग. करड्या जेटमध्ये मुख्य रंग प्लास्टिकच्या दाण्यातच होता, मास्टरबॅच म्हणजे रंगाचे दाणे मिसळून. घासलं तरी आतबाहेर एकच रंग. नव्याचं अंग तसंच निळ्या दाण्याचं आहे, ते उत्तम. पण पायांवरचे पिवळे पट्टे स्प्रेने मारलेत आणि मारताना आतल्या जोडाच्या जिभा, म्हणजे खाचेत शिरणारे चपटे भाग, झाकलेले नाहीत. करड्याची जीभ ३.०० मिलिमीटर भरते, खाच ३.०५. निळ्याची रंगवलेली जीभ ३.१४ भरते. ती खाचेत जाते कशी? रंग खरवडून घेतच जाते. पहिल्याच वेळी माझ्या बोटांवर आणि चादरीवर पिवळी पूड पडली. आता जिभेच्या दोन्ही बाजूंना निळं दिसतं, आणि खरवडलेला रंग खाचेच्या तळाशी साठून दोन्ही पाय पूर्ण मिटत नाहीत, मध्ये फट राहते. तेव्हा ही ‘वापरातली झीज’ म्हणता येणार नाही. झीज वर्षांनी होते. हे डब्यातून काढल्यावर पाच मिनिटांत झालं. जे अंग घासणार ते रंगवायचं नसतं, त्यावर मास्क लावायचा असतो, एवढी साधी गोष्ट आहे.

नाकाचं टोक तुम्ही मऊ केलं आहे, मुलाला टोचू नये म्हणून. ते अगदी योग्य. त्यावरचा पिवळा पट्टा मात्र जुलैच्या दमट हवेत चिकट झाला आहे आणि त्यात बोटाचा ठसा उमटला आहे. मऊ प्लास्टिकमधला तेलकट अंश वर येतो आणि प्रत्येक रंगाचं त्याच्याशी जमत नाही. मुंबईत हे खेळणं विकायचं तर मुंबईच्या पावसाळ्यात टिकणारा रंग हवा.

तिसरी गोष्ट माहितीपत्रकाची. त्यात अठरा पायऱ्यांची चित्रं आहेत आणि प्रत्येक चित्रात जुने आखूड पंख आणि जुनं, तुरा नसलेलं डोकं आहे. अकराव्या पायरीत पंख सरळ मागे दुमडा असं दाखवलंय. नव्या पंखाखाली क्षेपणास्त्रं आहेत, ती शेपटीच्या उभ्या पंखाला अडतात. आधी शेपटीचे पंख आत वळवले तरच मोठे पंख मागे जातात. हे मला चार-पाच प्रयत्नांनी सापडलं. एखादं मूल चित्राप्रमाणे जोर लावेल आणि पंखाचा सांधा पांढरा पडेल, म्हणजे तुटायला येईल. त्यानंतर घरचे त्यालाच ओरडतील.

तुमचं जुनं जेट मी २,७९९ रुपयांना घेतलं होतं, हे ३,४९९ला. महाग झालं याचंही काही नाही. पण बॉक्सवर ‘संपूर्ण नवी रचना’ असं ठळक छापलं आहे. रचना नवी नाही, डोकं आणि पंख नवे आहेत. तसंच छापलं असतं तरी मी घेतलंच असतं. सात दिवसांच्या मुदतीबद्दलही सांगतो. खेळणं २८ जूनला घरी आलं, वाढदिवस १२ जुलैला होता, तोवर ते कपाटात वर लपवलेलं होतं. भेटवस्तू अशीच दिली जाते. आणि बनावटीतला दोष सात दिवसांनी दोष राहत नाही असं २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणत नाही.

माझं मागणं असं आहे. पैसे परत करा किंवा निर्दोष खेळणं बदलून द्या. बदलून द्यायचं तर त्याच लॉटमधलं नको, त्याचीही काच तडकणारच. लेकीला खेळणंच हवं आहे, त्यामुळे दुरुस्त केलेलं येणार असेल तर आम्ही दिवाळीपर्यंत थांबू. दुरुस्ती अवघड नाही. डोक्याचा साचा लहान आणि वेगळाच असणार, तुऱ्याच्या कॅव्हिटीत, म्हणजे साच्यातल्या पोकळीत, इन्सर्टचा छोटा तुकडा बसवून उंची दीड मिलिमीटर कमी केलीत तरी तो तितकाच देखणा दिसेल. जिभांना स्प्रेच्या वेळी मास्क लावा. माहितीपत्रकाची चित्रं नव्याने काढा, आणि ती निघेपर्यंत अकराव्या पायरीची एक चिठ्ठी तरी बॉक्समध्ये टाका. ज्यांनी हे जेट आधीच घेतलं आहे त्यांना मेल करून कळवा की काच जोराने दाबू नका.

ऑनलाइन विक्रीच्या २०२०च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझ्या पहिल्या मेलला पोच मिळालीच नव्हती. या पत्रालाही उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिथे जाऊन भांडण्याची मला हौस नाही. कामाचे दिवस मोडतात. पण जाईन.

तुमच्या साच्याच्या माणसाला माझ्याशी बोलायचं असेल तर संध्याकाळी साडेसातनंतर फोन करावा, तोवर मी वसईहून घरी पोचतो. मोजमापं कशी घेतली ते सांगेन. करडं आणि निळं, दोन्ही जेट घेऊन मुंबईतल्या तुमच्या ऑफिसात यायचीही माझी तयारी आहे. शेजारी शेजारी ठेवून काच बंद करून पाहिली की वेगळं काही सांगावं लागणार नाही.

तुटलेला कान आणि पिन एका लहान डबीत ठेवली आहे. तपासायला हवी असेल तर कुठे पाठवायची ते कळवा. निळं जेट सध्या काचेविना करड्याच्या शेजारी कपाटावर उभं आहे, रोबोच्या रूपात, कारण विमान करायला लेक आता घाबरते.

कळावे,
आपला एक ग्राहक
लालबाग, मुंबई

सोबत: बिलाची प्रत, नऊ फोटो, माहितीपत्रकाच्या अकराव्या पायरीचा फोटो, २५ जुलैच्या तुमच्या उत्तराची प्रत.