चिमीच्या तापाबद्दल दत्ताला

डिचोली, गोवा

प्रिय दत्ता,

परवा तुझा फोन आला तेव्हा दवाखान्यात रांग होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून आज सवडीने लिहितोय. कागदावर असलं की शुभावहिनींना आणि मधुरालाही वाचता येईल, शिवाय रात्रीबेरात्री काढून बघता येईल.

तू सारखा ‘102, 102’ म्हणत होतास. मला ऐकायचं होतं ते निराळंच. औषधाने ताप थोडा उतरला की चिमी खेळते का? हाक मारली की वळून बघते का? लंगोट ओला होतोय का? श्वास कसा चाललाय? पंधरा महिन्यांची पोर 102 तापातून उठून तासाभराने मांजरामागे धावत असेल, तर काळजीचं फारसं कारण नाही. तीच पोर 100 तापात मलूल पडून राहिली, पाणी तोंडाला लावू देईना, नजर देईना, तर सकाळची वाट बघू नकोस. उचल आणि ये. थर्मामीटर घरात असू दे, पण बघायचं ते पोरीकडे.

याला एक अपवाद आहे, तीन महिन्यांच्या आतलं बाळ. त्याला 100.4 च्या वर ताप भरला तर ते हसत असलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरला दाखवायचं. एवढ्या लहानग्यांचा आजार बाहेर दिसत नाही आणि फार झपाट्याने वाढतो. मधुराच्या जावेला नुकतंच बाळ झालंय म्हणालास, तिला एवढं नक्की कळव.

आता औषधांचं. परवा एका दिवसात दोन डॉक्टर केलेस, म्हणजे घरात दोन चिठ्ठ्यांची औषधं असणार. माझ्याकडे मागे सत्तरी तालुक्यातली एक बाई आली होती. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक बाटली काढून टेबलावर मांडली. दोन बाटल्यांची नावं वेगळी, रंग वेगळा, पण मागच्या बारीक अक्षरात दोन्हींवर पॅरासिटामॉलच. बिचारी दोन्ही देत होती, दोन डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. तिसरी बाटली थेंबांची होती. हेच मला सगळ्यात जास्त छळतं. पॅरासिटामॉलच्या थेंबांत साधारण एका मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं. एका सिरपच्या 5 मिलीत 120, तर दुसऱ्याच्या 5 मिलीत 250. चिमीचं वजन नऊ किलो. किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम धरलं तर तिला एका वेळी 90 ते 135 लागतं. 120 वाल्या सिरपचं 5 मिली बरोबर बसतं. 250 वाल्याचं तेवढंच दिलंस तर दुप्पट जाईल, आणि थेंब चमच्याने 5 मिली दिलेस तर 500. असं वरचेवर झालं तर यकृताला इजा होते. म्हणून घरात एकच बाटली ठेव, तिच्यावर खडूने नव्हे, पेनाने मात्रा लिहून ठेव, आणि बाटलीबरोबर आलेल्या मापानेच दे. दोन डोसांत सहा तास. फारच ताप असेल तर चार, पण दिवसात चाराहून जास्त वेळा नाही. कपाटात निमेसुलाइडच्या, म्हणजे ताप-दुखीवरच्या गोळ्यांच्या, जुन्या पट्ट्या असतील तर त्यातलं चिमीला काही द्यायचं नाही. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते 2011 पासून आपल्या देशात बंद आहे.

खोकल्याचं सिरप मी तिला लिहून देणार नाही, आणि कोणी दिलं तर तू घेऊ नकोस. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, पोरं दगावली. ते वाचून मला कितीतरी दिवस चैन पडलं नाही. साध्या सर्दीच्या खोकल्यासाठी पोरं गेली, दत्ता! आणि भेसळ नसतानाही ती सिरपं लहानग्यांचा खोकला बरा करत नाहीत, नुसती गुंगी आणतात. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाक, अंगावरचं दूध चालू राहू दे, कोमट पाणी, पेज. मध एक वर्षानंतर चालतो, तेव्हा चिमीला चमचाभर द्यायला हरकत नाही. जावेच्या बाळाला मात्र बोटालाही लावून चाटवायचा नाही. अंगणवाडीत जायला लागलेल्या पोराला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते. ‘हिची प्रतिकारशक्तीच कमी आहे’ असं वहिनींना वाटतं, पण तसं काही नाही.

खोकल्यात बघायचं ते छातीकडे. चिमी झोपली असताना किंवा शांत असताना बनियन वर कर, घड्याळ समोर धर आणि पूर्ण एक मिनिट पोटाचं वरखाली होणं मोज. रडताना मोजलेलं धरू नकोस. तिच्या वयाला मिनिटाला 40 किंवा जास्त श्वास असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. दोन महिने ते वर्षाच्या आत ही सीमा 50, आणि दोन महिन्यांच्या आत 60. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, कण्हत असेल, ओठ निळसर दिसले, तर मोजत बसायचं नाही, 108 ला फोन करून थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात.

तुझ्या फोनमधल्या एका गोष्टीने मला खरंच धास्ती वाटली. जुलाब सुरू झाले तेव्हा दुकानातून ‘ओआरएस’ म्हणून खोक्यातलं गोड पेय आणलंस म्हणालास. त्यात साखर इतकी असते की आतड्यात उलट जास्त पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारने असल्या पेयांवर ओआरएस हे नाव छापायला बंदी केली, त्यासाठी हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई कितीतरी वर्षं झगडल्या. जुना माल अजून कुठे मिळालाच तर घेऊ नकोस. फार्मसीत ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ लिहिलेली पुडी माग. ती एक लिटरची असेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यातच पूर्ण विरघळव. पेल्यात अर्धी पुडी, असं नको. चोवीस तासांनी उरलेलं ओतून दे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चहाचा चमचा धरून.

या साध्या पाण्याने किती पोरं वाचली याची कल्पना करता येत नाही. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. आपण शाळेत असतानाची ही गोष्ट, पण शाळेत कोणी सांगितली नाही. 2022 मध्ये ते गेले, पद्मविभूषण त्यानंतर मिळालं.

ते पाणी द्यायचं कसं, तर प्रत्येक पातळ शीला अर्धी ते एक वाटी, चमच्याचमच्याने. भडाभडा पाजलंस की ओकून टाकेल. ओकली तर दहा मिनिटं थांब आणि पुन्हा एकेक चमचा. वहिनी जुलाबात पोरीचं जेवण बंद करतात, ते करू नका. अंगावरचं दूध, मऊ भात, मीठ घालून पेज, केळं, सगळं चालू ठेवा. झिंक 20 मिलिग्रॅम रोज, चौदा दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. अँटिबायोटिक सहसा लागतच नाही, कारण बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात. शीत रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, सहा तास लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही.

तापात फीट येईल का, हे तू तीनदा विचारलंस, तर सांगतो. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते. बघणाऱ्याचं काळीज हलतं, पण बहुतेकांना त्याने पुढे काही होत नाही. तेव्हा चिमीला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार दूर करायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांवर गेली तर 108. लगेच थांबली तरी त्या दिवशी मला दाखव.

आता पाऊस आहे, करवंट्या आणि टायरांतून पाणी साचलंय, डेंग्यू फिरतोय. डेंग्यूत धोका ताप असताना कमी, उतरल्यावर जास्त. चौथ्या ते सहाव्या दिवशी थर्मामीटर 98 दाखवतो, घरचे देवाला नारळ ठेवतात, आणि त्याच वेळी पोर पोट दुखतं म्हणून कळवळते, ओकते, हातपाय गार पडतात, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. असं दिसलं तर तापाचा आकडा बघून थांबू नकोस. या दिवसांत आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घरात कोणीही मुलांना द्यायचं नाही. माकडताप तुमच्या सत्तरीत 2015 पासून आहे खरा, पण तो काजूच्या दिवसांतला, आत्ता त्याची चिंता नको.

चिमी फिकट वाटते म्हणालास, त्याबद्दल तिला बघितल्याशिवाय बोलत नाही. दिवसाला किती बाटल्या दूध पिते ते मात्र लिहून ठेव. दुधावरच पोट भरलं की पोरं जेवत नाहीत आणि लोह कमी पडतं. चहा तर अजिबात देऊ नका.

रविवारी दुपारी मी घरी आहे, तिला घेऊन ये. लसीचं कार्ड आण. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा महिने झाले की घ्यायचा आहे, पुढच्या महिन्याची तारीख तिथेच ठरवू. घरातल्या सगळ्या बाटल्याही पिशवीत घालून आण, आपण एकेक बघून नको त्या काढून टाकू. वहिनींना नमस्कार, मधुराला आशीर्वाद.

तुझा,
वसंत