मुलं वाचली, पण पुढचं पण छापा ना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात लपून वाचलेल्या ज्यू मुलांबद्दल अधूनमधून लेख येतात, मी ते सगळे वाचते, पण जवळजवळ प्रत्येक लेख युद्ध संपलं, मूल वाचलं इथेच थांबतो आणि मला ते फार अर्धवट वाटतं.

अॅमस्टरडॅमचंच बघा. मे १९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड घेतलं आणि १९४२ च्या उन्हाळ्यापासून पकडलेल्या ज्यू लोकांना तिथल्या एका थिएटरात डांबायला लागले, तिथून वेस्टरबोर्कची छावणी आणि मग ट्रेनने पोलंडमधल्या मृत्युछावण्या. लहान मुलांना मात्र समोरच्या पाळणाघरात ठेवायचे. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, थिएटरातलं काम बघणारे वॉल्टर सुस्किंड आणि शेजारच्या शिक्षक कॉलेजचे योहान व्हान हुल्स्ट, या लोकांनी मिळून मुलं बाहेर काढली. सुस्किंड रजिस्टरमधून नाव गायब करायचे, मग मूल मागच्या कुंपणावरून कॉलेजकडे, तिथून पिशवीत नाहीतर टोपलीत घालून बाहेर. दारासमोरून ट्राम जायची, ती मध्ये आली की पलीकडच्या पहारेकऱ्याला काही दिसायचं नाही, तेवढ्यात निघायचं. साधारण ६०० मुलं अशी वाचली. पिमेंटेलबाई स्वतः १९४३ मध्ये आउशवित्झला मारल्या गेल्या, सुस्किंडही युद्धाचा शेवट बघायला राहिले नाहीत.

आई-बापांना आधी विचारलं जायचं आणि माझं मन इथेच अडकतं, कारण मूल कुठे नेणार, कोणाकडे ठेवणार हे त्यांना सांगताही येत नव्हतं, आणि तरी हो म्हणायचं. बरेच जण नाही म्हणाले, सगळे एकत्र राहू असं वाटलं त्यांना, आणि पुढे काय आहे ते कुठे माहीत होतं कोणाला.

मग १९४५. हॉलंडच्या साधारण १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून जास्त मारले गेले होते, म्हणजे बहुतेक मुलांना न्यायला आई-बाप आलेच नाहीत. तान्हेपणी गेलेलं मूल सांभाळणारीलाच आई म्हणत होतं, चर्चमध्ये जात होतं, उत्तरेच्या फ्रीसलंड प्रांतात असेल तर तिथली भाषा बोलत होतं. कोणाला कुठे ठेवायचं हे ठरवायला सरकारने कमिशन नेमलं, त्याच्या अध्यक्ष गेसिना व्हान देर मोलेन, ज्यांनी युद्धात स्वतः मुलं वाचवली होती. पण कमिशनमध्ये बहुमत ज्यू नसलेल्यांचं, त्यामुळे नातेवाईक मागत असतानासुद्धा काही मुलं ख्रिश्चन घरातच राहिली आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली. जी परत दिली त्यांची पण दुसऱ्यांदा आई सुटली. व्हान देर मोलेनबाईंना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण त्या मेलेल्या आई-बापांनी मूल सांभाळायला दिलं होतं हो, देऊन टाकलं नव्हतं, आणि त्यांच्या बाजूने बोलणारं त्या खोलीत फार थोडं होतं.

पुढच्या वेळी यावर पान काढाल तेव्हा १९४५ नंतरची वर्षं पण घ्या ही विनंती. तेव्हाची ती बाळं आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यातल्या काहींना आपले खरे आई-बाप कोण हे मोठेपणीच कळलं.

आपली नियमित वाचक