बाबा, सिंधुदुर्गाचं वजन कमी का

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही जरा चिडलातच, की सर्वेक्षणाच्या हिशेबात आपल्या सिंधुदुर्गातल्या बाईच्या उत्तराला पुण्याच्या बाईपेक्षा कमी वजन का म्हणून. प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझा सध्याचा डेटा म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, 2019-21 चं, 707 जिल्हे आणि 6,36,699 घरं, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी 900. आता 2011 ला पुणे जिल्हा होता 94 लाखांचा आणि आपला साडेआठ लाखांचा, पण म्हणून पुण्यात काही अकरापट घरं घेत नाहीत, कारण छोट्या जिल्ह्याचंही स्वतःचं चित्र धड दिसायला हवं ना. त्यामुळे लोकसंख्येच्या मानाने आपल्याकडे जास्त जणींना विचारलं जातं. मग महाराष्ट्राची बेरीज करताना सगळ्यांना एकेक धरलं तर सिंधुदुर्ग फुगतो, पुणं आक्रसतं. ते सरळ करायला वजन, म्हणजे बेरजेत प्रत्येकीचं उत्तर किती धरायचं तो आकडा. आई, तू जनगणनेला घरोघरी फिरायचीस तिथे हे लागत नाही, कारण तिथे प्रत्येक घर मोजलेलं असतं.

आर नावाच्या आकडेमोडीच्या संगणकभाषेत हे एका ओळीचं काम. तिथल्या काउंट या आज्ञेला नुसता गट दिला तर तो माणसं मोजतो, आणि सोबत वजनाचा कॉलम दिला की त्या गटातल्या वजनांची बेरीज देतो, बस. वजन फाइलमध्ये पूर्णांकात असतं, आधी दहा लाखांनी भागायचं. आणि आलेला आकडा म्हणजे खरी लोकसंख्या नव्हे हं, देशभरच्या वजनांची बेरीज मुलाखत दिलेल्या बायकांच्या संख्येएवढीच, 7,24,115, येईल अशी ती बसवलेली असतात, त्यामुळे त्यातून टक्केवारी काढायची, बायकांची संख्या नाही.

मी वजनाच्या आकड्याशेजारी साधा आकडाही, म्हणजे प्रत्यक्ष किती जणींना विचारलं तो, ठेवतेच, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण टक्केवारी कितीही ठसठशीत दिसली तरी खाली वीसच बायका असतील तर त्यावर कोणी निर्णय घेऊ नये. सर्वेक्षणाच्या अहवालातही 25 पेक्षा कमी जणी असल्या तर आकडा छापतच नाहीत, तिथे तारा असतो, आणि 25 ते 49 असल्या तर आकडा कंसात.

आणि बाबा, नुसत्या सिंधुदुर्गाचा आकडा काढतो तेव्हा पुण्याचा काही संबंधच येत नाही, तिथे फक्त आपल्याच बायका. जिल्ह्याची फॅक्टशीट व्हॉट्सॲपवर पाठवतेय, बाजारात गेलात की प्रिंट काढून घ्या, स्क्रीनवर अक्षर फार बारीक दिसेल. आईला ॲनिमियाची ओळ आधी दाखवा.

तुमची,
मनू