रेदाँच्या फुलांना कात्री कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत स्वप्नांवरच्या लेखाला जोडून फुलदाणीचं जे चित्र छापलंत ते ओदिलाँ रेदाँ या फ्रेंच चित्रकाराचं आहे, पण खाली नाव नाही आणि जागेत बसावं म्हणून वरची सगळी मोकळी जागा उडवलेली. अहो, खरी गंमत त्या मोकळ्या जागेतच आहे! या माणसाची फुलदाणी बऱ्याचदा टेबलावर नसतेच, म्हणजे टेबलाची कडही दिसत नाही, मागे भिंत नाही, खिडकी नाही, नुसता धुरकट निळा नाहीतर पिवळसर रंग आणि त्यात ती अधांतरी. तेवढं कापलं की उरतं ते लग्नपत्रिकेवरचं डिझाईन.

लेखकाने ‘मनातली, जगात नसलेली फुलं’ म्हटलंय तेही अर्धंच खरं. बोर्दोमध्ये तरुणपणी रेदाँची आर्मां क्लाव्हो या वनस्पतीशास्त्रज्ञाशी दोस्ती झाली, त्याने याला मायक्रोस्कोपमधून दिसणाऱ्या वनस्पतींच्या जगाचा नाद लावला, त्यामुळे चित्र कितीही धूसर असू दे, त्यातली पॉपी, ॲनिमोन बरोब्बर ओळखू येतात. फूल खरं, ठिकाण गायब, म्हणून तर ते स्वप्नासारखं वाटतं ना? आणि हाच माणूस पन्नाशीपर्यंत मुख्यतः कोळशात आणि लिथोग्राफमध्ये (म्हणजे दगडावर चित्र काढून छापणं) काम करत होता, 1881 चं ते हसऱ्या कोळ्याचं (जाळं विणणाऱ्या किड्याचं) चित्र बघा, अंगावर काटा येतो. रंग आले ते नंतर.

त्याचं ‘ग्रां बुके’ (मोठा पुष्पगुच्छ) हे 1901 चं पेस्टल जवळपास आठ फूट उंच आहे, फ्रान्सच्या बरगंडीतल्या एका बॅरनच्या जेवायच्या खोलीसाठी केलेलं (हो, ऑर्डर डेकोरेशनचीच होती!), आता टोकियोच्या मित्सुबिशी इचिगोकान म्युझियममध्ये असतं. मोठी निळी फुलदाणी, वर फुलांचा नुसता स्फोट. पेस्टल म्हणजे रंगाची पूडच, ती धरून ठेवणारा फवारा, फिक्सेटिव्ह, जास्त मारलं की चमक जाते, उजेडाचंही भय, म्हणून अशी चित्रं म्युझियमवाले कायम टांगून ठेवत नाहीत. न्यूजप्रिंटवर त्याचं काय होणार ते कळतं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण पुढच्या रविवारी तेच चित्र न कापता, नावासकट, परत छापा. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्य थोडं आखडतं घ्या, आमच्या घरात कोणी भांडणार नाही.

आपला,
एक नेहमीचा वाचक, पुणे