चिमे, यावं की नाही?

श्टुटगार्ट, जर्मनी
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय चिमे,

तुझा भलामोठा व्हॉइस मेसेज ट्राममध्ये ऐकला. फोनवर उत्तर देण्यासारखा विषय नाही, म्हणून लिहायला बसले. "तू सुटलीस बघ," असं म्हणालीस आणि शेवटी हळूच, "मी पण येऊ का?" सुटले का, ते सांगते. यायचं की नाही, ते तू ठरव.

आधी सुटकेचं. इथे घर मिळालं की दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात, त्यावाचून पुढची बरीच कामं अडतात. खिडकीपलीकडच्या बाईने विचारलं, अविवाहित, विवाहित की घटस्फोटित? मी सांगितलं. तिने खूण केली आणि पुढचा प्रश्न टाकला, धर्म कोणता. (चर्चचा वेगळा कर असतो, म्हणून.) बस्स. मिरजेत ज्या विषयावर हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांचा आवाज खाली जायचा, तो इथे एका चौकोनात मावला. बाहेर येऊन बेकरीतलं ब्रेत्सेल घेतलं आणि उभ्याउभ्या खाल्लं. त्या दिवशी सुटले होते, खरंच.

आता कामाचं, कारण तुलाही तेच करायचंय. आपलं नर्सिंग इथे जसंच्या तसं धरत नाहीत. अभ्यासक्रमाचे तास तपासतात, काय कमी पडतं ते लेखी कळवतात. मग एक तर काही महिन्यांचं प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची. तोवर हुद्दा मदतनिसाचा आणि पगारही त्याच हिशोबाने. आयसीयूत आपण काय काय निभावलंय, तुला माहितीये. इथे सलाईनसाठी शीर धरायला पुढे झाले, तर माझ्याहून कितीतरी लहान मुलीने अडवलं, "थांबा, ते डॉक्टर करतील."

मग आपण काय करायचं? अंघोळी घालायच्या. आपल्याकडे पेशंटला पुसणं, भरवणं, कूस बदलणं नातेवाइकांनी नाहीतर मावशींनी करायचं. सिस्टर इंजेक्शन देणार, चार्ट भरणार. इथे उशाशी नातेवाईक नसतोच. भेटायला येतात, फुलं ठेवतात, जातात. त्यामुळे सकाळच्या ड्युटीत एकामागून एक म्हाताऱ्यांची तोंडं धुवायची, कवळ्या घासायच्या, पाठी पुसायच्या. सुरुवातीला मला फार लागायचं. आईला अजून सांगितलेलं नाही. म्हणेल, एवढं शिकून पोरगी आया झाली. पण एक कबूल करते. पाठ स्वतः पुसली की टाचेवरचा लालसरपणा, श्वासाला लागलेली किंचित धाप, माणसाचा आज बिघडलेला मूड, सगळं मॉनिटरच्या आधी कळतं. तिकडे हे मावशींना कळायचं आणि आपण त्यांना विचारायचोही नाही.

भाषेचं दुखणं वेगळंच. वर्गात शिकलेलं जर्मन आणि इथल्या आजोबांचं श्वेबिश यांत पुस्तकी मराठी आणि चंदगडी बोलीइतकं अंतर आहे. तेही जमेल, सवयीचा भाग. मला सलतं ते दुसरंच. तिकडे वॉर्डातली सगळ्यात आगाऊ बाई कोण होती? इथे मी गरीब, समजूतदार, सदा हसतमुख आहे. चावरं उत्तर सुचतं तोवर विषय तीन वळणं पुढे गेलेला असतो, म्हणून मान हलवते. सगळे म्हणतात, भारतीय नर्स किती गोड! मला ही गोड बाई काही फारशी आवडत नाही. नवीन आयुष्य सुरू करताना जुन्या गोष्टी निवडून मागे ठेवता येतील असं वाटलं होतं. पण जीभही तिकडेच राहिली.

घर तुला व्हिडिओत छान वाटलं ना? ताब्यात मिळालं तेव्हा स्वयंपाकघरात ओटा, सिंक, शेगडी काही नव्हतं, छताला नुसत्या वायरी लोंबत होत्या. इथे बऱ्याच ठिकाणी घर असंच मिळतं. जुना ओटा कुणाकडून तरी विकत घेऊन बसवला. टीव्ही नाही, तरी टीव्ही-रेडिओची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो भरायचीच, घर आहे ना! सध्या उजाडतं आठच्या सुमारास आणि साडेचारला अंधार, त्यामुळे लाइट मात्र भरपूर जळतात.

शेजारच्या आजींची गोष्ट ऐक. या भागात केअरवोखे म्हणून जुनी रीत आहे, जिना झाडायची आठवड्याची पाळी. दारावर पाटी आली की पाळी तुमची. माझ्या पाळीत मला सणकून ताप भरला. मिरजेत असते तर दारात पाच जणी आणि सहा काढे. इथे कुणी काही विचारत नाही. घटस्फोटाचं विचारत नाहीत, तसंच तापाचंही. रविवारी आजींनी दार वाजवलं. मला वाटलं चौकशीला आल्या. जिना का झाडला नाही, ते विचारायला आल्या होत्या! माझा अवतार पाहून काही न बोलता गेल्या. संध्याकाळी दाराखालून चिठ्ठी आली, "तुमची पाळी मी केली. माझी पुढची तुम्ही करा." ही माया म्हणायची की हिशोब, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण कुणाची दया न घेता आजारी पडता आलं, याचं बरं वाटलं.

तर चिमे, तुला फक्त लोकांच्या तोंडापासून लांब जायचं असेल, तर पुण्याची बदली बघ, स्वस्तात काम होईल. पण पुन्हा सगळ्यात ज्युनिअर व्हायची तयारी असेल, तर ये. आधी भाषा कर. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात बी१ची, म्हणजे जर्मनच्या मधल्या पायरीची, परीक्षा देता येते, आणि नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण त्याच्या वरची पायरी, बी२, लागते, तेही जमेल तेवढं तिथेच उरक. ड्युटी करून शिकणं म्हणजे काय, ते मी भोगतेय. महाराष्ट्र सरकारने २०२४च्या फेब्रुवारीत इथल्या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यावरून तुमच्या ग्रुपवर काहीबाही फिरत असेल. त्याच्या नावाने कुणी लाखांत पैसे मागितले, तर सरळ फोन ठेव. चांगली हॉस्पिटलं भरतीचा खर्च स्वतः करतात. करारपत्र सही करण्याआधी मला पाठव, नोकरी मध्येच सोडली तर किती पैसे परत मागतात ते कलम मी वाचून सांगते.

रविवारी फोन कर. दुकानं बंद असतात, ड्युटी नसली तर मी घरीच. आत्ता साडेचार तासांचा फरक आहे, तेव्हा तुझ्या दुपारी दोनच्या आधी नको, झोपू दे.

तुझी,
ढब्बू

ता. क. भडंग पाठवायचंच असेल, तर पार्सलवर 'भेट' लिही आणि किंमत खरी टाक. ४५ युरोपर्यंतच्या भेटीवर जकात लागत नाही. लसूण जास्त घाल.