विक्रीची सूचना : जुन्या रेसिंग इंजिनांचे सुटे भाग

सभासदांना नमस्कार,

माझा रेसिंग इंजिनांच्या सुट्या भागांचा संग्रह विकायला काढतो आहे. पहिला हक्क आपल्या सभासदांचा. महिनाअखेरपर्यंत कोणी पुढे आलं नाही, तरच बाहेर बोलणी करेन.

मुख्य माल कॉसवर्थ डीएफव्ही या फॉर्म्युला वन इंजिनाचा. १९६७ साली लोटस ४९ या गाडीत बसून नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला पहिल्याच शर्यतीत जिंकलेलं हेच ते तीन लिटरचं व्ही-८. कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे दांडे) आणि कॅमशाफ्टवरची मॅग्नेशियमची झाकणं, म्हणजे कॅम कव्हरं आहेत. एका कव्हराला बोल्टच्या भोकाभोवती पांढरी भुकटी धरली आहे. मॅग्नेशियमला ओल लागली की असंच होतं. फोटोत तो भाग मुद्दाम जवळून घेतला आहे. शोभेला ठेवायला उत्तम, इंजिनावर चढवायचं तर आधी तपासून घ्या.

शिवाय वेबर ४८ आयडीए कार्बोरेटरची जोडी आहे. (डीएफव्हीशी तिचा संबंध नाही, त्याला कार्बोरेटरऐवजी ल्यूकसचं इंधन इंजेक्शन असायचं.) जोडी फोडणार नाही, उगाच गळ घालू नका.

रॉडबद्दल स्पष्ट सांगतो. रेसिंग इंजिनाच्या रॉडचं आयुष्य तासांत मोजतात आणि हे किती तास चालले याची नोंद नाही. चकचकीत दिसतात म्हणून तसेच बसवू नका. चुंबकीय तपासणीत बारीक भेगा कळतात, ती करून घ्या. चालू इंजिनात रॉड तुटला तर बहुतेकदा ब्लॉक फोडूनच बाहेर येतो.

यादी आणि फोटो हवे असतील त्यांनी मला वैयक्तिक निरोप पाठवावा. सगळा संग्रह एकत्र घेणाऱ्याला प्राधान्य. पाठवणीचा खर्च घेणाऱ्याकडे.